शीतलाग्नीचे तीर्थ

थंड पाणी उकळताना पाहण्यासाठी पुंडलिकनगरातील आमच्या गल्लीत त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

आमच्या चहाच्या दुकानासमोर पाटावर पितळी परात मांडली होती आणि परातीत बॉयलरमधून काढलेली विजेची कॉइल. मूळची ती चकचकीत, वळसे घेतलेली नळी; पण तिच्यावर पांढरट, खडबडीत थर असा चढला होता की ती उकरून काढलेल्या हाडासारखी दिसत होती. परातीपलीकडे खुर्चीत शीतलाग्नी महाराज बसले होते. त्यांच्या पुढ्यात, परातीला जवळजवळ टेकून, त्यांच्या पूज्य पादुका होत्या. शुभ्र संगमरवराच्या, रोज पुसून आरशासारख्या झालेल्या.

"इथं आग आहे का?" महाराजांनी विचारले.

"नाय!" गर्दी म्हणाली.

"वीज आहे का?"

"वीज तर सकाळपासूनच नाय," शेजारचे बद्रीनाथकाका म्हणाले. थोडे हसू फुटले. महाराज हसले नाहीत.

"मग पाहा. पाण्याला स्मृती असते. स्मृतीला तरंग असतो. तरंगाला तेज असते. परदेशातल्या शास्त्रज्ञांना हे आत्ता कुठं कळू लागलंय. आम्हाला मागच्याच जन्मी कळलं होतं, पण त्या जन्मी आम्ही मौनात होतो."

चेल्याने पादुकांवर पिवळे मेणकापड अंथरले. "तेजाची झळ गुरुचरणांना लागू नये," असे पुटपुटत त्याने महाराजांच्या हाती प्लॅस्टिकचा कमंडलू दिला. महाराजांनी डोळे मिटून तीर्थाची धार कॉइलवर सोडली.

आणि कॉइल फसफसली. पांढरा फेस सळसळत परातीभर पसरला. केवड्याचा उग्र वास सुटला.

"उकळलं! बिनआगीचं उकळलं!"

आईने सवयीने उजव्या हाताचा तळवा पुढे केला. तीर्थ म्हटले की तळव्यावर घ्यायचे, ओठांना लावायचे आणि उरलेले डोक्यावरून फिरवायचे, हे तिच्या हाताला मेंदूच्या आधी ठाऊक असते. चेल्याने तिचा हात घाईघाईने बाजूला सारला.

"हे घ्यायचं तीर्थ नव्हे, माय. उग्र आहे."

मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. त्या उकळीला वाफ नव्हती. एवढीच गोष्ट मला दिसली. आणि एवढी मोठी गोष्ट मी कोणाला सांगितली नाही.

माझे नाव विश्वजीत. लासूर स्टेशनच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवतो. तिथे बाकांवर बसलेल्या मुलांसमोर मला बोलता येते, कारण माझ्या पाठीशी फळा असतो. घरी माझ्या पाठीशी काही नसते. घर शिवराजदादाच्या चहावर चालते. अभ्यासिकांमध्ये वाकून बसलेली मुले, शेजारचे दुकानदार, दवाखान्यातले कर्मचारी, सगळीकडे आमचे थर्मास जातात. गॅसची ओढाताण नको म्हणून दादाने विजेचा मोठा बॉयलर घेतला होता. त्यातले कढत पाणी पत्तीवर सोडायचे, की चहा उतरला.

मात्र वर्षभरात त्याच्या कॉइलमागून कॉइल जळू लागल्या. सकाळी पाणी तापायला दुपार व्हायची. अभ्यासिकांतली गिऱ्हाइके तुटू लागली. आणि हे सारे सुरू झाले दादाच्या लग्नापासून.

ही गोष्ट आईनेच महाराजांना सांगितली. शिवाय आणखी एक गोष्ट सांगितली, जी लग्नघरी बायकांनी हसण्यावारी नेली होती. तनुजावहिनी माप ओलांडून आत आली, तेव्हा फरशीवर तिची पावले उमटली. कुंकवाची नव्हेत, पांढरी.

महाराजांना एवढे पुरले. फेस विरल्यावर त्यांनी बोट वर केले, सरळ आमच्या घराच्या गच्चीलगतच्या खोलीकडे.

"पावलांनी जे घरात आलं, तेच या नळीत बसलं. पांढरं पांढऱ्याला ओढतं. आज आम्ही ते बाहेर काढलं. पण जोवर ते पाऊल या वास्तूत आहे, तोवर ते पुन्हा येणार. पुढच्या गुरुवारी मोकळणी करू. ही पांढरी माती तिच्या ओटीत बांधायची, तिला सिल्लोडला माहेरच्या वेशीवर सोडायचं आणि नवऱ्यानं मागं वळून पाहायचं नाही. तोवर तिचा हात पाण्याला लागता कामा नये."

वहिनी वर सज्जात उभी होती. सगळ्या गल्लीने एकदम वर पाहिले. ती आत गेली नाही. आत जाण्यासाठीही माणसाला थोडे बळ लागते.

संध्याकाळी चेल्याने तिच्या खोलीच्या कडीला लाल नाडा बांधला. कुलूप नव्हते. एका हिसक्यात तुटेल असा सुती नाडा. पण त्या घरात त्याच्याइतके मजबूत काहीच नव्हते. आई ताट वर नेऊन दाराच्या फटीतून सरकवायची आणि डोळे पुसत खाली यायची. दादा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहायचा. आम्ही तिघे खाली मोकळे होतो, असे मला कधीच वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी धुतलेली कॉइल बसवली, आणि पाणी पूर्वीसारखे झटकन तापले. माझा उरलासुरला धीर त्या वाफेत गेला.

तरी जेवताना मी म्हणालो, "दादा, पाण्यात काहीतरी असेल. जड, क्षारांचं पाणी…"

"पाणी आधीबी पाणीच होतं ना?" दादाने घास हातात तसाच धरला. "बॉयलर तोच, दुकान तेच, मीबी तोच. मग आधी कामून नाय जळाली एकबी कॉइल? सांग की, मास्तर!"

 मी भात कालवत राहिलो.

"अन् म्या काय हौसेनं करायलोय का हे?" तो हळूच म्हणाला. त्याचा घास पुन्हा ताटात पडला.

कॉलेजला सुट्टी होती त्या दिवशी मी निजामुद्दीनभाईच्या दुकानात गेलो. गीझर, हीटर, मिक्सर दुरुस्त करणारे हे गृहस्थ आमच्या बॉयलरचे जुने वैद्य. दुकानाच्या कोपऱ्यात जळक्या कॉइलचा ढीग पडला होता. सगळ्या पांढऱ्या. आमच्या एकट्याच्या घरातले म्हणून जे गुपित आम्ही कवटाळून बसलो होतो, त्याचा इथे ढिगारा होता.

"या कोणाच्या?" मी विचारले.

"ये? ये पोरांच्या हॉस्टेलचा गीझर. ये डॉक्टरसाबचा. ये हमारी मस्जिद का, नमाज से पहले हाथ-पाँव धोते ना, उस वजू के गरम पानी का. बघा, कोणतीबी उचला, समदी सफेद."

"हॉस्टेलमध्ये बाई राहते का कोणी?"

"तोबा! सौ लडके है. बाई पाच मिनट नहीं टिकेगी वहाँ." मग त्यांनी चश्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "शिवराजभाईंच्या घरचं ऐकलं मैंने. बुरा हुआ."

"तुम्ही कधी सांगितलं नाही दादाला, हे पाण्यामुळं होतं म्हणून?"

"बोला था एक बार. ते म्हणले, महाराज सांगतील तसं. और सच बोलू? सबको समझा दूँ, तो नवी कॉइल कौन लेगा?" ते हसले, मग हसू आवरून ढिगाकडे वाकले. त्यांनी हॉस्टेलची कॉइल वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हाती दिली. "ले जाव. परत नका आणू."

परतताना मी आमच्या अंगणातून आत आलो आणि बोअरच्या केसिंगला ठेचकाळलो. रोज तिथून जातो, रोज ते लोखंडी तोंड पाहतो. त्या दिवशी मात्र तिथेच थांबलो. नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते. लग्नाच्या पाहुण्यांना पुरणार कसे, म्हणून दादाने हळदीच्या आदल्या दिवशी बोअर घेतला होता. मशीन धडधडत होते. पोटातला खडक भुकटी होऊन वर येत होता आणि मांडवापासून उंबऱ्यापर्यंत सगळीकडे त्याचा पांढुरका चिखल झाला होता. वहिनी त्या चिखलातूनच चालत आली होती. दादाची वरात त्यातूनच आली. त्याचे बूट होते, म्हणून त्याची पावले कोणाच्या लक्षात राहिली नाहीत.

सून आणि बोअर एकाच आठवड्यात घरात आले होते. आम्ही सगळ्यांनी सुनेकडे पाहिले.

त्या संध्याकाळी आईच्या हातून ताट घेऊन मीच वर गेलो. दाराच्या फटीतून वहिनीचा हात दिसला.

"भाऊजी, तुम्ही का आलात आज?"

मी बोअरचे सांगितले. हॉस्टेलच्या कॉइलचे सांगितले. 

"म्हणजे माझ्या पायाचं काही नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता. आपल्याच पायांकडे तिनेही संशयाने पाहून झाले असावे, हे त्या एका वाक्यात मला ऐकू आले.

"नाही, वहिनी. पण ते फसफसणं… मला वाटतं त्या तीर्थात ॲसिड आहे. फरशी धुतात तसलं, पातळ केलेलं. केवडा वास झाकायला. पण मी म्हणालो तर कोण ऐकणार? ते म्हणतील, मास्तर बायकांच्या बाजूनं बोलतोय."

"एक विचारू?" वहिनी दाराजवळ आली. "मी वरून बघत होते ना, तिथून गर्दीची डोकी आड येत नाहीत, त्या दोघांचे हात दिसतात. तीर्थ ओतायच्या आधी त्या चेल्यानं पादुकांवर मेणकापड टाकलं. मधेच एक कोपरा उघडा पडला, तर तो झाकेपर्यंत महाराजांनी धार थांबवली. डोळे मिटलेले असताना. तेज जर एवढं पवित्र आहे, तर पादुकांना त्याची भीती कशाची?"

मी ताट हातात धरून जिन्यात तसाच उभा राहिलो. पादुका संगमरवरी होत्या. संगमरवर आणि कॉइलवरचा थर, रसायनशास्त्राच्या घरात ही सख्खी भावंडे, दोन्ही चुन्याचीच.

"भाऊजी, वरण निवतंय," आतून आवाज आला.

गुरुवारी गर्दी दुप्पट होती. आईने ओटीचे कापड आणून ठेवले होते आणि ती त्याकडे पाहत नव्हती. वहिनीची बॅग दाराशी होती. दादा खाली मान घालून उभा होता. कॉइल पुन्हा परातीत होती. महाराजांच्या भाकिताप्रमाणे तिच्यावर पुन्हा पातळ पांढरी साय धरली होती.

चेल्याने झोळीतून मेणकापड काढले, पण ते अंथरण्याआधीच मी पुढे झालो. 

"महाराज, एक शंका आहे." मी म्हणालो.

"शंका हाच अज्ञानाचा पहिला पुत्र," महाराज म्हणाले. "विचारा, बाळ."

मी वर्तमानपत्र उलगडून आतली कॉइल परातीच्या माझ्याकडच्या कडेला, पादुकांपासून दूर ठेवली. "ही कॉइल पोरांच्या हॉस्टेलची आहे. तिथं बाई राहत नाही. हिच्यावर तीर्थ टाका."

 सारी गल्ली पाहत होती. महाराजांनी तीर्थ टाकले. फेस उसळला.

"पाहिलंत? तिथंही पीडा आहे. पूर्वजन्मी त्या जागी एखादी…"

"महाराज, मागच्या टायमाला तुम्ही म्हणले, पाऊल लागतं," बद्रीनाथकाका मधेच बोलले. "अन् आता जागा? एक काय ते ठरवा."

लोक हसले. महाराजांनी हात उंचावला. आणि त्यांचे लक्ष गर्दीकडे गेले, त्या क्षणी परातीशेजारी ठेवलेला कमंडलू मी उचलला. चेला मेणकापड घेऊन धावला, पण माझी धार त्याच्या आधी पोहोचली होती. तीर्थ पादुकांवर पडले.

शुभ्र संगमरवर फसफसला. सळसळत फेस आला, अगदी तसाच. फेस ओघळून गेला तेव्हा आरशासारखी झिलई उडून खाली खरखरीत, आंधळा दगड दिसू लागला.

 बद्रीनाथकाकांनी मान वाकडी करून पादुका न्याहाळल्या.

"अरारा! पीडा तर महाराजांच्याच पायात निघाली की!"

हशाचा लोंढा आला. "तीर्थच हाय ना, महाराज? मग घ्या एक पळी तुम्हीच!" कोणी ओरडले. महाराज खुर्चीसकट मागे सरकले.

"नको!" मी म्हणालो. "घसा जळेल त्यांचा. हे ॲसिड आहे."

त्यानंतर मी बोललो. फळा नव्हता, मी परातीकडे पाहून बोललो. बोअरचे पाणी खडकातून झिरपते, तेव्हा खडकातला चुना त्यात विरघळतो. पाणी तापले की तो चुना कॉइलवर जमतो. थर वाढला की उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. ती नळीच्या आत कोंडते आणि नळी स्वतःलाच जाळून घेते. ॲसिड पडले की चुन्याचा दगड विरघळतो आणि त्यातून वायू सुटतो, सोड्याच्या बाटलीत असतो तोच. फेस म्हणजे तो वायू. म्हणून त्या उकळीला वाफ नाही. थर गेल्यावर पाणी लवकर तापते खरे. पण पाणी तेच भरले की थर पुन्हा येतो आणि महाराजही पुन्हा येतात.

"हळदीच्या आदल्या दिवशी आपण बोअर घेतला, दादा. वहिनीच्या पायांना लागला तो बोअरचा चिखल होता. तू विचारलंस ना, आधी का जळत नव्हती? आधी बॉयलरला नळाचं पाणी होतं."

दादाने माझ्याकडे पाहिले नाही. तो वर, सज्जाकडे पाहत होता.

"हे सगळं खोटं!" चेला ओरडला. "गुरूंच्या तेजावाचून हे कोणालाबी जमायचं नाय!"

मी दुकानाच्या चौकटीकडे वळलो. आईने शनिवारी टांगलेले लिंबू-मिरची तिथे लोंबत होते. लिंबू सुकू लागले होते. ते तोडून, कापून, मी हॉस्टेलच्या कॉइलच्या कोरड्या टोकावर पिळले. बारीक, आळशी बुडबुडे आले, पण आले. गल्ली वाकून पाहत होती.

"आई," मी म्हणालो, "हे दारावर टांगण्यापेक्षा बॉयलरमध्ये जास्त कामाचं आहे."

"आणि माझी भाकर?" मागून निजामुद्दीनभाई म्हणाले. "चला, आता मीबी सांगत जाईन. पानी भारी है, लिंबू टाका. दुवा तो मिलेगी."

तेवढ्यात खुर्ची रिकामी असल्याचे कोणाच्या तरी लक्षात आले. महाराज गाडीपर्यंत पोहोचले होते. पादुका मात्र राहिल्या. त्या न्यायला कोणी परत आले नाही. त्यांच्यात आता तोंड दिसत नव्हते.

मला वाटले होते, गर्दी पांगल्यावर घर एकदम मोकळे होईल. तसे झाले नाही. आम्ही सारे दुकानात नुसते उभे राहिलो. अखेर आई बॉयलरजवळ गेली.

"यात काय चुकलं माझं?" तिने विचारले. "म्या तर याला एक दिवस रिकामं ठिवलं नाय. धंद्याचं भांडं कोरडं पडू देऊ नाय म्हणतेत. रातचं उरलेलं पाणी तसंच ठिवते अन् सकाळी वरून भरते."

उत्तर देणे मला जड गेले. तिचा हात मायेचाच होता. "त्यानंच जास्त झालं, आई. वाफ उडून जाते, चुना मागं राहतो. रोज त्यावर नवा चुना. भांडं रिकामं ठेवू नको. पण जुनं पाणी रोज सोड, मग नवं भर. नळाचं किंवा आरओ मशीनचं. आणि आठवड्यातून एकदा लिंबूसत्त्व घालून धू."

आईने पदर खोचला आणि तळाची तोटी उघडली. घरात बॉयलर आल्यापासून तोटी पहिल्यांदाच पूर्ण उघडली होती. दुधासारखे गढूळ पाणी, त्यातून अंड्याच्या कवचासारखे पांढरे पापुद्रे, गटारीकडे वाहू लागले. ती शेवटचा थेंब पडेपर्यंत बघत राहिली.

दादा जिना चढू लागला होता, पण वहिनी समोरूनच उतरत होती. तुटलेला लाल नाडा तिच्या हातात होता. तिने तो दाराशी ठेवलेल्या बॅगेवर टाकला आणि बॅग उचलली.

"मी सिल्लोडला जातेय. थोडे दिवस."

"आता कामून?" दादा कसाबसा म्हणाला. "आता तर समदं…"

"तुम्ही सोडायला निघाला होतात, ते वेगळं. मी माझ्या पायांनी जातेय." तिचा आवाज शांत होता. "त्या पायांना थोडं चालायचंय."

आई पुढे आली. तिचे हात ओले होते, म्हणून तिने वहिनीला स्पर्श केला नाही. "येशील ना, बाई?"

वहिनीने रिकाम्या बॉयलरकडे पाहिले. "रोज तळ मोकळा करत जा, आई. मग बघते."

ती परत आली. पण ती वाट पाहणेही आमच्या वाट्याला यायला हवे होते, असे मला आजही वाटते.

वाचकहो, तुमच्याही गल्लीत कधीतरी थंड पाणी उकळेल, दगडाला घाम फुटेल, एखाद्या निरपराध बाईच्या पावलांकडे बोट दाखवले जाईल. तेव्हा एवढेच करा. बोट ज्या दिशेला आहे तिकडे पाहू नका. त्याच सुमारास घरात आणखी काय बदलले ते शोधा. चमत्कार करणाऱ्याने कशावर कापड टाकले आहे ते पाहा. आणि उत्तर तुमच्या मनात असेल, तर ते भिंतीला टेकून उभे राहून जपू नका. न बोललेले सत्यही थराथराने साचते, आणि त्याच्या आत कोणीतरी कोंडलेले असते.